सहलेखकांचे वाचन : मराठी राजकीय लेखनाचे एक दुर्लक्षित अंग

राजकीय लेखक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो लिहिणारा माणूस. त्याची धारदार लेखणी, त्याचा निर्भयपणा, त्याच्यावर झालेले खटले यांविषयी आपण पुष्कळ बोलतो. पण हा माणूस वाचतो काय, आणि विशेषतः आपल्याच क्षेत्रातल्या इतर लेखकांना तो कसा वाचतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक राजकीय लेखन हे कधीच एकट्याने केलेले भाषण नसते. ते कोणाला तरी दिलेले उत्तर असते. ज्याला उत्तर द्यायचे त्याचे म्हणणे नीट वाचले नसेल, तर उत्तर कितीही झणझणीत असो, ते हवेत जाते. मराठी राजकीय लेखनाच्या परंपरेतली काही उदाहरणे घेऊन या प्रश्नाचा थोडा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयाकडे मी वळलो त्याला एक कारण घडले. आमच्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकात राजकीय मजकूर लिहिणारे आम्ही चौघे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर आमच्यातल्या एका मैत्रिणीने लिहिणे थांबवले. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "मी काय लिहिलं ते कुणी विचारत नाही, मी कुणाची, एवढंच विचारतात." तिचे हे वाक्य माझ्या मनातून जाईना. म्हणून मार्गशीर्षातल्या एका शनिवारी जुन्या लेखकांचे काही ग्रंथ, आमच्या भित्तिपत्रकाचे जपून ठेवलेले अंक आणि एक वही घेऊन मी जोतिबाला गेलो. काही पुस्तके महाविद्यालयाच्या ग्रंथालयातली होती. काही १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरातून एका सभासद मित्राने आणून दिली होती. उतरलो वर्गमित्राच्या आजोळी, वाडी रत्नागिरीतल्या एका गुरवांच्या घरी.

जोतिबाच का?

चैत्री पौर्णिमेची यात्रा पाहिलेल्या माणसाला जोतिबा आणि शांतता हे शब्द एकत्र आलेले पाहून हसू येईल. गुलालाने न्हालेला डोंगर, दवण्याचा वास, हलगी-पिपाणीचा गजर आणि 'चांगभलं'चा घोष, हेच जोतिबाचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. रविवार हा देवाचा वार, तेव्हा त्या दिवशीही गर्दी असतेच. माघातले खेटे तर विचारूच नका. पण मार्गशीर्षातल्या शनिवारी, शेवटची एस. टी. खाली उतरली की भोवतालच्या सपाटीहून सुमारे हजार फूट उंच असलेले हे गाव एकदम आपले आपण उरते. एका बाजूला पन्हाळ्याची रांग, दुसरीकडे वारणेचे खोरे, आणि आग्नेयेला कोल्हापूरचे दिवे. पायऱ्यांवरची नारळ-गुलालाची दुकाने फळ्या लावून बंद होतात. वाचायला याहून चांगली जागा मला तरी ठाऊक नाही. मित्राच्या आजींना मात्र माझे हे वागणे चमत्कारिक वाटले. "देवाला आलास का परीक्षेला बसलास रं बाबा?" असे म्हणून त्यांनी चहा पुढे सारला.

या गावाचे राजकीय लेखनाशी एक नातेही आहे. ११ एप्रिल १८२७ रोजी जन्मलेल्या जोतीराव फुल्यांचे नाव जोतिबाच्या यात्रेच्या दिवसावरून ठेवले गेले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितलेले आढळते. ज्या दैवताला कुणबी, माळी, धनगर अशा कष्टकरी माणसांनी आपले म्हटले, त्याचे नाव धारण करणाऱ्या पुरुषाने पुढे त्याच माणसांची बाजू मांडली. तेव्हा फुल्यांना कोणी कसे वाचले, येथूनच आरंभ करणे योग्य होईल.

वाचून न वाचलेले

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली आणि सात वर्षांत तिचे ८४ अंक काढले. मराठी गद्याला त्यांनी दिलेला डौल आणि आत्मविश्वास नाकारता येणार नाही. शनिवारी रात्री 'माले'चे काही निबंध वाचताना त्या भाषेचा ओघ मलाही ओढून नेत होता. परंतु त्याच 'माले'त फुल्यांच्या लेखनाचा जो समाचार घेतला आहे तो वाचताना मन खट्टू होते. फुल्यांचे व्याकरण, त्यांची वाक्यरचना, त्यांचे शुद्धलेखन यांची चिपळूणकर यथेच्छ टवाळी करतात. शेतकरी का नागवला गेला, शाळेचे दार बहुजनांच्या मुलांना का बंद राहिले, हा जो फुल्यांचा मूळ सवाल, त्याच्याशी मात्र त्यांची लेखणी भिडत नाही. 'गुलामगिरी'तला (१८७३) खंडोबा-म्हसोबांना बळीराजाचे अधिकारी ठरवणारा इतिहास कोणास पटो वा न पटो. त्या इतिहासामागची वेदना ओळखणे हे वाचकाचे काम होते. ते झाले नाही.

लोकहितवादींच्या बाबतीतही हेच म्हणावे लागेल. गोपाळ हरि देशमुख यांनी १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये 'शतपत्रे' लिहिली, तेव्हा ते अवघ्या पंचविशीचे होते. नावात शत असले तरी ही पत्रे १०८ आहेत. पेशवाई बुडून तीस वर्षे झाली होती. आपण हरलो ते का, असा प्रश्न हा तरुण आपल्याच माणसांना विचारीत होता. उत्तरे देताना तो कधी फार कठोर होतो, कधी इंग्रजांच्या बाबतीत फार भाबडा होतो. चिपळूणकरांनी या भाबडेपणावर बोट ठेवले, ते योग्यच केले. पण कठोरपणामागची तळमळ त्यांनी बाजूस सारली. प्रतिपक्षाचे दुर्बळ स्थळ शोधणे हे वाचन खरे. पण ते अर्धेच वाचन होय. त्याचे सबळ स्थळ शोधून त्याच्याशी सामना करणे हे उरलेले अर्धे.

कोल्हापूरचा खटला

याच्या उलट टोकाचे उदाहरण आपल्या कोल्हापूरशी निगडित आहे. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे निघाली. त्यांच्या उभारणीत चिपळूणकरांबरोबर टिळक आणि आगरकर हे दोन तरुण होते. त्या सुमारास कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, असा सार्वत्रिक समज होता. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या नावाची काही पत्रे या दोन वृत्तपत्रांच्या हाती आली. त्यांच्या आधारे मजकूर छापला गेला. पुढे ती पत्रे बनावट ठरली, संपादकांनी माफी मागितली. तरीही जुलै १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली. प्रत्यक्षात १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबर १८८२ रोजी, ते डोंगरीच्या तुरुंगातून सुटले.

या खटल्यात जामिनाचा प्रश्न आला तेव्हा फुल्यांच्या सांगण्यावरून त्यांचे स्नेही रामशेट बापूशेट उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. ज्या मंडळींच्या म्होरक्याने काही वर्षांपूर्वी फुल्यांची टवाळी केली होती, त्याच मंडळींसाठी फुल्यांच्या गोटातून ही रक्कम उभी राहिली. स्वतः चिपळूणकर हे पाहायला राहिले नव्हते. मार्च १८८२ मध्येच त्यांचे निधन झाले होते. फुल्यांनी 'केसरी'ची मते स्वीकारली होती असे मुळीच नव्हे. पण संस्थानी राजावरील अन्यायाविरुद्ध लिहिणारे हे तरुण काय करू पाहत आहेत, हे त्यांनी ओळखले होते. प्रतिपक्षाला वाचणे म्हणजे त्याच्याशी सहमत होणे नव्हे. त्याने कोठे खरे काम केले ते ध्यानात ठेवणे होय.

तुरुंगातले ते १०१ दिवसही विचारात घेण्याजोगे आहेत. आगरकरांनी त्यांवर पुस्तक लिहिले, ते प्रसिद्धच आहे. एका कोठडीत दोन मित्र रात्र रात्र बोलत. देश आधी की समाज आधी, हा वाद तेथेच रंगला. आणि याच वादाने पुढे त्यांना दूर केले. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. त्यानंतर १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यासारख्या प्रश्नांवर ही दोन पत्रे एकमेकांवर अक्षरशः तुटून पडली. त्यांत कटुता होती, व्यक्तिगत बोचरेपणाही होता. तो झाकण्याचे कारण नाही. पण तेव्हाच्या वाचकाला एक लाभ झाला. एका प्रश्नाच्या दोन्ही बाजू पूर्ण ताकदीने मांडलेल्या त्याला वाचायला मिळाल्या, कारण दोघेही एकमेकांचे म्हणणे मुळापासून जाणत होते. १८९५ मध्ये आगरकर गेले, तेव्हा 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच.

टिळकांचे आणखी एक उदाहरण मला डोंगरावर बसल्यामुळे आठवले असेल. विश्रांतीसाठी आणि लेखनासाठी टिळक सिंहगडावर जाऊन राहत. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले वारले, तेव्हा टिळक गडावर होते. ज्यांच्याशी त्यांचा जन्मभर राजकीय झगडा झाला, त्यांच्या अंत्यसंस्काराला ते गड उतरून आले आणि स्मशानात त्यांचा गौरव करणारे भाषण त्यांनी केले. विरोधकाची योग्यता त्याच्या हयातीत मान्य करणे अवघड असते. निदान नंतर तरी ती करता यावी.

'मनोगता'चा धडा

रविवारी पहाटे, गर्दी व्हायच्या आत, मी सर्वांत अधिक वेळ घालवला तो 'मूकनायक'च्या पहिल्या अंकावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी हे पाक्षिक सुरू केले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले, म्हणजे या पत्राच्या जन्माशीही करवीरचा संबंध आहेच. त्याच वर्षी मार्चमध्ये कागल जहागिरीतल्या माणगावच्या परिषदेत महाराज आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर आले.

पहिल्या अंकातल्या 'मनोगत' या लेखाकडे आपण बहुधा एक ऐतिहासिक कागद म्हणून पाहतो. मी तो या वेळी वाचनाचा नमुना म्हणून वाचला. आपल्याला नवे पत्र का काढावे लागते, हे सांगण्यापूर्वी आंबेडकर आधी चालू असलेल्या पत्रांची झडती घेतात. बहुतेक पत्रे एखाद्या जातीचे हित पाहणारी आहेत आणि त्या भरात इतरांच्या हिताची पर्वा करीत नाहीत, हा आरोप ते स्पष्टपणे करतात. पण तेवढ्यावर थांबत नाहीत. 'दीनमित्र', 'जागरूक', 'डेक्कन रयत', 'विजयी मराठा', 'ज्ञानप्रकाश', 'सुबोध पत्रिका' या पत्रांतून बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा होते, हे ते नावे घेऊन मान्य करतात. मग म्हणतात, की त्या पत्रांचा व्याप पाहता आमच्या साऱ्या प्रश्नांना तेथे पुरेशी जागा मिळणे शक्य नाही. म्हणून स्वतंत्र पत्र हवे.

ही सहा नावे पुनःपुन्हा पाहण्यासारखी आहेत. 'दीनमित्र' हे मुकुंदराव पाटलांचे सत्यशोधकी पत्र. नेवाशाजवळच्या तरवडीसारख्या खेड्यातून त्यांनी ते वर्षानुवर्षे चालवले. 'जागरूक' वालचंद कोठारींचे, 'विजयी मराठा' श्रीपतराव शिंद्यांचे. 'सुबोध पत्रिका' मुंबईच्या प्रार्थना समाजाची, तर 'ज्ञानप्रकाश' पुण्याच्या नेमस्तांचे. म्हणजे ही सारी एका पक्षाची पत्रे नव्हेत. ब्राह्मणेतर चळवळीची पत्रे आणि नेमस्त, सुधारक यांची पत्रे आंबेडकर एका ओळीत बसवतात. निकष एकच, की प्रश्नाकडे कोण पाहतो. याउलट 'मूकनायक'ची पैसे देऊ केलेली जाहिरातही 'केसरी'ने छापली नाही, असे धनंजय कीर यांनी आंबेडकरांच्या चरित्रात नोंदवले आहे. ज्याला वाचायलाच नकार मिळाला त्याने इतरांचे ऋण इतक्या काटेकोरपणे मोजावे, यात त्या लेखाचे मोठेपण आहे.

या परंपरेतला अलीकडचा एक दुवा सांगून हा भाग आटोपता घेतो. गोविंद तळवलकर १९६८ ते १९९६ या काळात 'महाराष्ट्र टाइम्स'चे संपादक होते. अग्रलेखाच्या धकाधकीत राहूनही जगभरच्या राजकीय ग्रंथांविषयी ते मराठी वाचकाला सांगत राहिले. 'वाचता वाचता' हे त्यांचे पुस्तक त्याची साक्ष आहे. संपादकाने आपले मत द्यावेच, पण आपण काय वाचले तेही सांगावे, म्हणजे वाचकाला ते मत तपासून पाहता येते. ही पद्धत मला फार प्रामाणिक वाटते.

आमचे भित्तिपत्रक

थोरांचे गोडवे गाऊन थांबणे सोपे असते. म्हणून रविवारी दुपारी, खाली देवळात गुलाल उधळला जात असताना, मी माडीवर आमच्या भित्तिपत्रकाचे अंक काढून बसलो आणि तीच कसोटी माझ्या सहलेखकांना लावून पाहिली. त्यांतले दोन लेख मला फार आवडले. त्यांचा परिचय येथे करून देतो.

पहिला लेख, जिने लिहिणे थांबवले त्या मैत्रिणीचा. विषय ग्रामसभा. ती सांगते, की ग्रामसभेची गणसंख्या मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी कमी असेल ती. ती भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणसंख्येची अटच उरत नाही. म्हणजे गावाची गैरहजेरी कायद्याने सोयीची करून ठेवली आहे, हा तिचा मुद्दा. आपल्या गावात सभा भर दुपारी, सुगीच्या दिवसांत बोलावली जाते, तेव्हा बायका शेतात असतात, हे ती उदाहरणाने दाखवते. तहकूब सभेलाही काही किमान हजेरी हवी, असे ती सुचवते. मला हा उपाय पटत नाही. कारण तसे केल्यास विरोधक केवळ गैरहजर राहून गावाची कामे अडवू शकतील. वेळ बदलणे हा मला अधिक बरा उपाय वाटतो. पण तिच्या लेखाआधी तहकूब सभेचा हा नियम मी कधी लक्षपूर्वक पाहिला नव्हता, आणि त्या लेखात एकाही पक्षाचे नाव नाही. 'तू कुणाची?' हा प्रश्न विचारणाऱ्यांनी लेख वाचला असता, तर तो प्रश्न त्यांना सुचलाच नसता.

दुसरा लेख एका मित्राचा, मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचवर. ऑगस्ट २०२५ मध्ये हे बेंच सुरू झाले तेव्हा शहरभर श्रेयाचे फलक लागले. तो म्हणतो, फलक बाजूला ठेवा आणि मागणी कशी टिकली ते पाहा. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतले वकील वर्षानुवर्षे ही एकच मागणी घेऊन उभे राहिले; सरकारे आली आणि गेली, तरी त्यांनी ती कोणत्याही पक्षाच्या दावणीला बांधली नाही. सावंतवाडीच्या किंवा अक्कलकोटच्या पक्षकाराचे मुंबईचे हेलपाटे वाचणे, हा तिचा गाभा होता. या मित्राची आणि माझी मते एरवी जुळत नाहीत. तरी लोकांची मागणी पक्षांना कशी पुरून उरते, याचे इतके नेमके विवेचन मी दुसरीकडे वाचलेले नाही.

समारोप

चैत्र यात्रेत गावोगावच्या सासनकाठ्या डोंगरावर येतात. प्रत्येक काठीचा मान ठरलेला. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीचा. काठी उंच असते, जड असते. ती पेलणाऱ्याला तिचा शेंडा दिसत नाही. तिला चहूबाजूंनी दोऱ्या बांधलेल्या असतात आणि त्या धरणारी माणसे आपापल्या बाजूने ताण देत असतात. ताण विरुद्ध दिशांचे असतात, म्हणूनच काठी उभी राहते. पण दोरी धरणारा समोरच्याकडे पाहत नसेल, त्याने किती ओढले याचा त्याला अंदाज नसेल, तर काठी गर्दीवर कोसळायला वेळ लागत नाही. लोकशाहीतल्या मतभेदांचेही असेच आहे, असे मला वाटते. ताण हवा, आणि समोरच्याच्या ताणाची जाणीवही हवी.

आज मत मांडायला छापखाना लागत नाही, जामीनही क्वचितच लागतो. खिशातल्या फोनवर दिवसाला शंभर मते येऊन आदळतात आणि आपण ती पाहतो, वाचत नाही. म्हणून विद्यार्थी मित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे एक लहानशी सूचना ठेवून हा लेख पुरा करतो. आमच्या भित्तिपत्रकात यापुढे एक नियम असावा. ज्याला कोणाच्या राजकीय लेखाला उत्तर द्यायचे असेल, त्याने आरंभी पाच ओळींत त्या लेखाचा सारांश लिहावा, आणि मूळ लेखकाने 'होय, मी हेच म्हटले आहे' अशी सही केल्यावरच पुढचे उत्तर लावावे. ग्रामसभेवरील लेखाचा सारांश मी लिहून मैत्रिणीला दाखवला. तिने एक ओळ बदलली, खाली सही केली आणि माझ्या आक्षेपाला उत्तर लिहायला घेतले आहे. पुढच्या अंकात ते लागेल.